कापलेलं कडवं

चैत्र लागला की माझ्या झेरॉक्स मशीनला ताप चढतो. गावोगावच्या जत्रांच्या पत्रिका छापखान्यातून वेळेवर येत नाहीत, मग मंडळाची माणसं एकुलती एक पत्रिका घेऊन दुकानात शिरतात. “ताई, शंभर काढा, लई घाई हाय.” पत्रिकेवर देवाचा फोटो, त्याखाली पाहुण्यांची नावं आणि त्याखाली आणखी पाहुण्यांची नावं. ज्याचं नाव राहिलं तो जत्रेला येत नाही, आणि आलाच तर जेवत नाही. परवा एक जण काढून नेलेल्या शंभर प्रती तशाच परत घेऊन आला, कारण त्याच्या चुलत्याचं नाव राहिलं होतं. शेवटी आम्ही मूळ पत्रिकेवर पेनानं चुलत्याला कोपऱ्यात बसवलं आणि पुन्हा शंभर काढल्या. तो गेल्यावर मी एकटीच हसत बसले, आणि हसता हसता मला ठकूआजी आठवली.

बाहेर नारायणगावचा उन्हाळा. द्राक्षांच्या बागा रिकाम्या झालेल्या, टोमॅटोचे क्रेट भरलेले टेम्पो बाजाराकडे वळताना हॉर्नवरचा हात काढत नाहीत. तमाशाच्या राहुट्यांपुढे गावकारभारी सुपारी द्यायला आलेले, त्यांच्या टोप्या कडक इस्त्रीच्या आणि चेहरे लग्न जमवायला निघाल्यासारखे. स्टँडवर वडापच्या जीपा भरताहेत आणि प्रत्येक जीपमधून वेगळं गाणं बाहेर पडतंय. तापलेल्या टोनरचा वास नाकात गेला की मला तापलेल्या प्लास्टिकचा तो जुना वास आठवतो. बाळूदादाच्या मोबाइलच्या दुकानातला, मी बारावीची परीक्षा दिली त्या चैत्रातला.

बाळूदादा माझा मामेभाऊ. आमचं गाव निरगुडसर. पण परीक्षा संपली की आई मला मामाकडे नारायणगावला पाठवून द्यायची, घरी राहिले तर मी कांद्याच्या काढणीत फक्त बोलायचं काम करते म्हणून. त्या वर्षी दादानं मला कॉम्प्युटरपुढे बसवलं. दुकानावर पाटी होती, ‘चिप भरून मिळेल’. चिप म्हणजे फोनमधलं मेमरी कार्ड, करंगळीच्या नखाएवढं. माणसं ते खिशातल्या कागदाच्या पुडीतून काढायची, कुणी टोपीच्या घडीतून. “भर वो पोरी, लई मोकळी हाय.” काय भरू विचारलं तर म्हणायचे, “समदंच भर.” देवाची गाणी, लावण्या, हिंदी दर्दभरी, बैलगाडा शर्यतीच्या घाटातली धावती कॉमेंट्री. एका म्हाताऱ्या बाबांना फक्त रेडिओवरच्या बातम्यांच्या आधीचं संगीत हवं होतं. मी ते शोधून दिलं तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता.

एवढी गाणी कुठून यायची? दादा टॉरेंट लावायचा. त्याचं मला तेव्हा फार नवल वाटे. एकच गाणं एका जागेवरून येत नव्हतं; कुठकुठल्या अनोळखी माणसांच्या कॉम्प्युटरमधून त्याचे तुकडे यायचे आणि आमच्या दुकानात येऊन जोडले जायचे. सगळं उतरून झालं की मी खिडकी बंद करायला जायची आणि दादा ओरडायचा, “राहू दे! आपल्याला मिळालं ना? आता दुसऱ्याला घेऊ दे की आपल्याकडनं.” फुकट्यांच्या त्या बाजारातही रीत होती, आणि ती पाळणारा माझा भाऊ दुसऱ्याचं गाणं विनापरवाना वाटतोय हे मात्र आमच्या दोघांच्याही मनात येत नव्हतं. दुकानाबाहेरही तेच चाले. पिंपळाच्या पारावर दोन फोन ब्लूटूथ चालू करून डोक्याला डोकं लावून ठेवलेले आणि त्यांच्याभोवती सहा जण वाकलेले. “गेलं का?” “चाललंय, हलवू नको.” शेजारणीकडून विरजण आणावं तसं होतं सगळं. तिच्या दह्यात काही कमी होत नाही आणि आपल्याकडे उद्या घट्ट दही लागतं. मग चोरी झाली कुठे, असं मी कुणालाही छातीठोकपणे विचारलं असतं.

अधूनमधून हूल उठायची. “कॉपीराइटवाले आले!” पुण्याकडून जीप निघाली आहे, मंचरपर्यंत आली आहे, एकाचा कॉम्प्युटरच उचलून नेला. दोन मिनिटांत ओळीतल्या सगळ्या दुकानांच्या पाट्या उलट्या फिरायच्या. आमच्या पाटीच्या मागच्या बाजूला ‘येथे मोबाइल रिपेअर होतील’ असं आधीच रंगवून घेतलेलं होतं. दादा पांढरा कागद पसरून एखादा मेलेला फोन उघडा करून बसायचा आणि मी उगाच स्क्रू मोजायची. जीप काही येत नसे. पण कॉपीराइट म्हणजे बाहेरून येणारं, शर्ट इन केलेलं, हातात कागद असलेलं काहीतरी, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं. गाण्याचा मालक शहरात असतो, त्याचं ऑफिस असतं आणि त्याला आपलं तोंडही दिसत नाही, असं वाटायचं.

त्याच चैत्रात मी आत्याकडे गेले होते, आण्याच्या पठारावर, तिच्या गावच्या जत्रेला. पठार म्हणजे वारा आणि दगड. पाण्याचा टँकर आला की जत्रेचा देवसुद्धा थोडा बाजूला सरकतो. दुपारी देवळापुढच्या मांडवात धनगरी ओव्यांचं मंडळ उभं राहिलं. ढोल, झांजा आणि मधोमध भिवाअण्णा. उंच, वाळलेला माणूस, पागोटं घट्ट आणि आवाज असा की मांडवाच्या बाहेर उभ्या राहिलेल्या मेंढरांनीही माना वर केल्या. मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसले होते आणि दादाचा चांगला फोन माझ्या हातात होता. मी गाणं धरलं. तेव्हा रेकॉर्ड करणं म्हणत नसत, गाणं धरलं म्हणत.

तळ हलला माळावरनं, चूल राहिली मागं
राखंखाली निखारा गं एकला बसून जागं.

मेंढरांचा तळ उठून दुसरीकडे गेल्यावर मागे राहिलेल्या चुलीवर कुणी गाणं करेल असं मला वाटलं नव्हतं. शेवटचं कडवं सुरू झालं आणि नेमका मांडवातला माइक खरखरला. “पांढऱ्या जीपचे मालक, पांढऱ्या जीपचे मालक, आपली जीप काढा, टँकर अडलाय, आवो पाणी अडलंय राव!” बायका उठून घागरींकडे धावल्या. गोंधळ शमेपर्यंत भिवाअण्णा थांबले आणि मग काहीतरी म्हणाले. माझ्यापुढे बसलेली एक बाई मात्र घागरीसाठी उठली नाही. तिनं पदर तोंडावर ओढला आणि ती खुदकन हसली. मला त्याचा अर्थ कळला नाही. माझं सगळं लक्ष फोनची बॅटरी संपतेय का इकडे होतं.

दुकानात परत आल्यावर मी ते गाणं कॉम्प्युटरवर घेतलं आणि साफ केलं. शेवटचं कडवं टँकरनं खराब केलेलं, म्हणून तिथून पुढचं सगळं कापलं. मोठी कारागिरी केल्याच्या थाटात दादाला ऐकवलं. दादा खूश. मग फाइलला नाव द्यायचं, तर तेव्हाच्या चालीप्रमाणे मी आमच्या दुकानाचं नाव दिलं, खाली नारायणगाव लिहिलं. सगळेच दुकानदार असं करायचे. दुसऱ्याच्या गाण्यावर आपला शिक्का मारला की जाहिरात होते. फोनमधलं मूळ रेकॉर्डिंग जागा खात होतं, तेही पुसलं. हे सगळं करायला मला चहा निवेपर्यंतचाही वेळ लागला नाही.

आणि ते गाणं सुटलं. पंधरा दिवसांत ते ट्रॅक्टरवर वाजत होतं, रसवंतीवर वाजत होतं, कांदा भरणाऱ्या बायकांच्या फोनवर वाजत होतं. घोडेगावकडून आलेल्या गिऱ्हाइकाच्या चिपमध्ये मला ते आधीच भरलेलं सापडलं, आमच्या दुकानाच्या नावासकट. मी हवेत होते. आपण धरलेलं गाणं दोन तालुके ऐकताहेत, म्हणून मी त्या दिवशी दोन वेळा आरशात पाहिलं असेल.

एका सकाळी एक बाई दुकानात आली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, पायात जाड वहाणा. बाहेर भिवाअण्णा उभे होते, मोबाइलची कव्हरं निरखत. ते आत आले नाहीत. बाई स्टुलावर बसली, तांब्याभर पाणी प्यायली आणि मग म्हणाली, “पठारावरच्या जत्रंतलं गाणं तूच धरलं व्हतंस न्हवं? माझ्या मागंच बसली व्हतीस.”

मी अभिमानानं हो म्हणाले.

“वाजीव.”

मी वाजवलं. ती डोळे मिटून ऐकत होती. मी कापलं होतं तिथं गाणं संपलं आणि त्यामागचं डीजेचं गाणं धाडकन सुरू झालं. तिनं डोळे उघडले.

“आन फुडचं?”

“पुढं टँकरचा आवाज होता, आजी. म्हणून साफ केलं.”

“साफ केलं,” ती म्हणाली. थोडा वेळ काऊंटरवरच्या काचेवर बोट फिरवत राहिली. “मपलं नाव साफ केलंस व्हय गं?”

ही ठकूआजी. भिवाअण्णांची बायको. गाणं तिनं बांधलं होतं, मेंढरांमागं चालता चालता. त्यांच्यात बायका मांडवात उभ्या राहून गात नसत, म्हणून ते अण्णा म्हणायचे. पण शेवटच्या कडव्यात बांधणाऱ्याचं नाव घ्यायचं ही त्यांच्या मंडळाची रीत. तिनं मला तिथं बसल्या बसल्या ते कडवं म्हणून दाखवलं, गुणगुणत, बाहेर जाऊ नये अशा आवाजात.

भिवा म्हणं पठाराचा, गाणं न्हाई माझं
ठकूनं ते बांधलंय, मी वाहतो ओझं.

“गाणं नेलंस त्याचं काय न्हाई,” ती म्हणाली. “आमच्यात दुसऱ्या गावचं मंडळ गाणं न्यायला आलं, की नारळ देतंय आन घिऊन जातंय. ना कुनी म्हणत न्हाई. पर नेलेलं गाणं शेवटपत्तूर म्हणायचं. बांधणाऱ्याचं नाव टाकायचं न्हाई. येवढंच.”

तिनं बाहेर पाहिलं, अण्णांची पाठ आमच्याकडे होती, आणि ती काऊंटरवरून पुढं वाकली.

“पोरी, ह्यांनी जल्मात माझं नाव घेतलं न्हाई. घरात ‘आगं’, न्हाई तर ‘शांतीची आय’. मानसं हसत्यात म्हणून. गाण्यात तेवढं घेत्यात. त्या दिशी टँकरच्या वरडण्यात ते बुडालं, तर ह्यांनी कडवं परत घेतलं. दोनदा घेतलं नाव. आन तू नेमकं तेच साफ केलंस. आता जोडून दे.”

जोडायला माझ्याकडे काही उरलंच नव्हतं. मी तसं सांगितलं. मला रडू येत होतं आणि माझ्या आवाजात उगाच तोरा आला, माझं असं नेहमी होतं. पुढच्या जत्रेला पुन्हा धरते म्हणाले. ठकूआजी उठली, लुगडं सारखं केलं. “बरं. ये फुडल्या जत्रंला. आन नारळ घिऊन ये.” अण्णांनी जाताना मला हात केला. त्यांना बहुतेक काही सांगितलंच नव्हतं.

त्याच भाद्रपदात भिवाअण्णा गेले. मला ते आत्याकडून कळलं. मी पुढच्या जत्रेला गेले नाही. मंचरला कॉलेज होतं, प्रॅक्टिकल होती, हजार कारणं होती, आणि खरं कारण एवढंच की मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. ती लाज वर्षांनी कमी होईल असं वाटलं होतं. झाली नाही. कधी जीपमध्ये बसावं आणि ते गाणं लागावं. शेवटच्या कडव्याच्या तोंडाशी येऊन ते तुटायचं, आणि दर वेळी कात्री माझ्याच हातात असायची.

मग चिपांचे दिवस संपले. फोनमध्ये सगळं आपोआप यायला लागलं, दादानं दुकान बंद करून टोमॅटोची रोपवाटिका काढली, मी लग्न होऊन पुन्हा नारायणगावातच आले आणि हे दुकान घातलं. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, प्रतिज्ञापत्रं टाइप करून मिळतील. माझं सगळं आयुष्य नकला काढण्यातच जायचं होतं. पण दादाच्या दुकानात शिकलेली एक गोष्ट, कुणाचं नाव गाळायचं नाही, इथं उपयोगी पडली. सात-बाराच्या उताऱ्यावर सगळी माणसं स्वतःचं नाव शोधतात. आधी नाव, मग क्षेत्र. म्हातारी माणसं तर ते बोटानं चाचपून बघतात, खरंच उमटलंय का म्हणून.

गेल्या माघात एक मुलगी फोन पुढं करत दुकानात आली. ज्योती, कॉलेजात शेवटच्या वर्षाला. इंग्रजीतली एक नोटीस तिला छापून हवी होती आणि समजावूनही हवी होती. तिनं आपल्या आजीचा गाताना व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला होता. लोकांनी तो भरभरून पाहिला आणि तिसऱ्या आठवड्यात तो गायब झाला. कुठल्याशा गाण्याच्या कंपनीनं दावा केला होता की या गाण्याचे हक्क आमचे आहेत. “माझ्याच आजीनं बांधल्यालं गाणं हाय ताई, आन आजीलाच म्हणत्यात चोरलं,” ती तावातावानं म्हणाली. “ऐका, हे त्यांचं.” तिनं कंपनीचं गाणं लावलं. डीजेचा दणका, आणि त्याच्या आतून भिवाअण्णांचा आवाज. तळ हलला माळावरनं. गीतकाराच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, पारंपरिक. गाणं संपलं तेही मी कापलं होतं तिथेच.

मी मशीन बंद केलं. ज्योतीला बसवलं आणि सगळं सांगितलं. तिनं माझ्याकडे बराच वेळ रागानं पाहिलं, आणि तो तिचा हक्कच होता.

जुन्नरच्या कोर्टात वकिली करणाऱ्या एक बाई कागदांच्या नकलांसाठी माझ्याकडे येतात. त्यांच्यापुढे मी नोटीस ठेवली. त्यांनी चष्मा वर सरकवला. “गाणं बांधलं त्या क्षणी त्याचा हक्क बांधणाऱ्याचा होतो,” त्या म्हणाल्या. “त्यासाठी कुठे नोंद केलीच पाहिजे असं नाही. नकला काढायचा हक्क विकता येतो, देऊन टाकता येतो. पण हे मी केलंय असं म्हणायचा हक्क त्यातून जात नाही, तो बांधणाऱ्याकडेच राहतो.” ठकूआजी स्टुलावर बसून हेच सांगत होती की. नेलंस त्याचं काय नाही, नाव टाकायचं नाही. इतकी वर्षं मी पुण्याच्या जीपची भीती बाळगली, आणि कॉपीराइटवाली वहाणा घालून दारातून आत आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही.

“पण पुरावा?” वकीलबाई म्हणाल्या. “गाणं तिचं, हे कशावरून? शेवटचं कडवं असलेलं जुनं रेकॉर्डिंग मिळालं तर काम सोपं होईल. आणि एक सांगते, कापलं कुणी ते तुम्हाला लिहून द्यावं लागेल.” दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं टाइप करणाऱ्या मी त्या दुपारी माझं स्वतःचं टाइप केलं. सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की सदर गाण्याचे शेवटचे कडवे मी स्वतः काढून टाकले. सही झाल्यावर कितीतरी वर्षांनी मला मोकळं वाटलं.

मग दुकानाबाहेर कागद लावला आणि तोच गावोगावच्या ग्रुपवर टाकला: जुनी चिप फेकू नका, इकडे आणा, त्यातले फोटो काढून देईन. लोक आणायला लागले. ट्रॅक्टरच्या टेपमधून, हळदीकुंकवाच्या डबीतून, देव्हाऱ्याच्या खालच्या खणातून. त्या चिपांतून काय काय निघालं! विकलेल्या बैलांचे फोटो, पडलेल्या आंब्याखालची पंगत, आता कॉलेजात असलेल्या पोरींची बोबडी बडबड. एका बाईला तिच्या गेलेल्या वडिलांची हाक सापडली. ती माझ्या काऊंटरवर डोकं टेकून रडली आणि मग तिनं मला भुईमुगाच्या शेंगा आणून दिल्या. आणि ज्यात त्यात ते गाणं होतं. उघडावं तर कापलेलं, नावापुढं आमच्या दुकानाचा शिक्का. माझी कर्तबगारी मला रोज पोच होत होती. महिनाभरात मी हात टेकायच्या बेताला आले होते.

तेव्हा पोपटभाऊ आले. ते वडाप चालवतात, नारायणगाव ते आळेफाटा आणि पुढं पठारावर. गाडीच्या विम्याची झेरॉक्स काढायला आले होते. दारावरचा कागद वाचून म्हणाले, “ताई, माझ्या जीपचं गाणं पायजे का तुमाला?”

“जीपचं कसलं गाणं?”

“आवो, तुमीच दिल्यालं! जत्रंनंतर माझ्याच जीपमधनं आला न्हवता का पठारावरनं खाली? तुमी गाणं लावलं, आन त्यात माइकवाला बोंबलतोय, पांढऱ्या जीपचे मालक, जीप काढा! ती माझीच जीप व्हती राव. मी म्हणलं, पोरी, हे मला टाक. डॅशबोर्डावर फोन ठेवून घेतलं मी तुमच्याकडनं. घरी समद्यांला ऐकवलंय, आख्ख्या जत्रंत माझ्या जीपचं नाव पुकारलं म्हणून.”

मी हे पार विसरले होते. ज्या आवाजामुळे मी ते कडवं कापलं, त्याच आवाजासाठी या माणसानं ते इतकी वर्षं जपलं होतं. त्यांचा जुना फोन बॅटरी फुगून मेला होता, पण गाडीच्या कागदांच्या पत्र्याच्या डब्यात तो तसाच होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणला. मी नखानं चिप काढली, पुसली, लावली. ज्योती माझ्या खांद्यावर वाकली होती. गाणं सुरू झालं. टँकर आला, जीप आली, आणि गोंधळात बुडालेलं एक नाव. मग ढोल थांबलेला, वारा, कुठंतरी घागर आपटल्याचा आवाज, आणि भिवाअण्णा पुन्हा, स्वच्छ, घाई न करता. ज्योतीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

ठकूआजीचा तळ त्या वेळी माझ्या माहेरीच, निरगुडसरला होता. कांदा निघालेल्या रानात माझ्या सख्ख्या भावानं मेंढरं बसवली होती. सकाळी आम्ही दोघी गेलो. आजी चुलीपुढं भाकरी थापत होती. खूप म्हातारी दिसत होती, पण तिनं मला बघताक्षणी ओळखलं. “आलीस व्हय? नारळ कुठाय?” नारळ मी आणलाच नव्हता. ज्योतीनं फोन पुढं धरला.

ती ऐकत राहिली, हात पिठानं भरलेले, मान एका बाजूला. टँकरची ओरड आली तेव्हा हसली. मग ते कडवं आलं, दुसऱ्यांदा, लख्ख. ठकूनं ते बांधलंय. आजीनं पिठाच्याच हातानं पदर तोंडावर ओढला. मांडवात माझ्यापुढं बसलेली बाई मला तेव्हा दिसली, तशीच्या तशी.

“बारीक कर आवाज,” ती पदराआडून म्हणाली. “मानसं हायेत.”

आजूबाजूला फक्त मेंढरं होती. आम्ही आवाज बारीक केला. थोड्या वेळानं ती म्हणाली, “परत लाव.” चुलीतली भाकरी जळाल्याचा वास आला तरी कुणी उठलं नाही. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिनं डोळे पुसले, त्यामुळे गालाला पीठ लागलं, आणि मग ती नेहमीच्या आवाजात ज्योतीला म्हणाली, “आता वाट समद्यांला. कुनाला ना म्हणू नगं. पर शेवटपत्तूर.”

ज्योतीनं हरकत नोंदवली, रेकॉर्डिंग आणि माझं प्रतिज्ञापत्र जोडलं. फाल्गुनात आजीचा व्हिडिओ परत लागला. कंपनीला वकीलबाईंचं पत्र गेलं आहे. ‘पारंपरिक’ काढून ठकूबाईचं नाव लिहा एवढंच त्यात मागितलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. येईल असं मला वाटतं, आणि नाही आलं तर दुसरं पत्र टाइप करायला मी बसलेलीच आहे. दरम्यान पूर्ण गाणं आम्ही सोडून दिलंय. बाळूदादा म्हणायचा तसं, आपल्याला मिळालं, आता दुसऱ्यानं घ्यावं. या वेळी फाइलच्या नावात दुकान नाही. ठकू आणि भिवा आहेत, पठाराचे.

काल पठारावरची जत्रा होती. मी दुकान बंद ठेवलं, नारळ घेतला आणि स्टँडवर पोपटभाऊंच्या जीपमध्ये जाऊन बसले. जीप कधीच भरली होती, मागच्या पायरीवरही दोघं लटकलेले. ऊन पत्र्यातून उतरत होतं आणि टेपवर ते गाणं चालू होतं. पोपटभाऊ स्टेअरिंगवर हात ठेवून नुसते बसले होते.

“चला की राव,” मागनं कुणीतरी वैतागून ओरडलं. “भरली न्हवं गाडी? कशाची वाट बघताय?”

पोपटभाऊंनी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. “बसा गप,” ते म्हणाले. “नाव येऊ द्या.”